पंखे फिरतात, दिवे लागतात, पण स्क्रीन काळीच : 'नो डिस्प्ले'चा माग कसा काढायचा

पीसीचं बटण दाबलं की कॅबिनेटमधले पंखे फिरू लागतात, मदरबोर्डवरचा दिवा लागतो, कधी हार्ड डिस्कची घरघरही ऐकू येते. मॉनिटरवर मात्र 'नो सिग्नल', नाहीतर नुसता काळोख. बंद करून पुन्हा चालू केला तरी तेच. मग एक दिवस आपसूक सुरू होतो, चार-आठ दिवस गुण्यागोविंदाने चालतो, आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या डेस्कटॉपांमध्ये हाच बिघाड सगळ्यात जास्त असतो. बहुतेक मालकांनी तोवर नवा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) किंवा ग्राफिक्स कार्ड घ्यायचं मनात पक्कं केलेलं असतं, आणि बहुतेक वेळा त्याची गरज नसते. खाली तपासण्या दिल्या आहेत त्या फुकटच्या आणि सोप्या आधी, खर्चाच्या आणि जोखमीच्या नंतर, अशा क्रमाने. हे सगळं डेस्कटॉपसाठी आहे. लॅपटॉप उघडण्याचं तंत्र वेगळं, तिथे हा क्रम जसाच्या तसा चालत नाही.

आधी लक्षणं

स्क्रू-ड्रायव्हर बाजूला ठेवा आणि दोन मिनिटं नुसतं बघा, ऐका.

- पंखे सुरुवातीला जोरात फिरून मग मंदावतात, की तसेच घोंघावत राहतात? बऱ्याच बोर्डांवर बायॉसने (पीसी सुरू करून देणारा, बोर्डवरच साठवलेला प्रोग्राम) ताबा घेईपर्यंत पंखे पूर्ण वेगात असतात. वेग उतरलाच नाही, तर बायॉसपर्यंत गाडी पोचलेली नसण्याची शक्यता मोठी.
- पंखे काही सेकंद फिरून थांबतात, पुन्हा फिरतात, पुन्हा थांबतात. बोर्ड स्वतःच पुन्हा पुन्हा प्रयत्न करतोय. संशय आधी रॅमवर.
- पंखा जेमतेम हलतो आणि लगेच सगळं गप्प. हे शॉर्टचं लक्षण : एसएमपीएसने स्वतःला वाचवायला पुरवठा तोडला. असं होत असेल तर पुन्हा पुन्हा बटण दाबत बसू नका.
- कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबल्यावर त्याचा दिवा लागतो-विझतो का? ही माझी सर्वांत आवडती तपासणी. बहुतेक कीबोर्डांत तो दिवा कीबोर्ड स्वतः लावत नाही. कळ दाबल्याची खबर पीसीकडे जाते आणि दिवा लावायचा हुकूम पीसीकडून परत येतो. दिवा बदलत असेल तर प्रोसेसर, रॅम, बायॉस सगळं चालू आहे. अडलंय ते फक्त चित्र बाहेर येण्यात.
- कंपनीचा लोगो दिसतो आणि मग स्क्रीन काळी होते? मग तो हा बिघाडच नव्हे. ऑपरेटिंग सिस्टिम किंवा ग्राफिक्स ड्रायव्हरकडे वळा.

बटण दाबल्यावर आत काय होतं

हा भाग ओलांडून थेट तपासण्यांकडे जायचा मोह होईल, पण हा कळला की पुढचं पाठ करावं लागत नाही.

पंखा फिरला म्हणजे पीसी जिवंत आहे असं नाही. पंख्याला लागतात १२ व्होल्ट, बस्स. तो प्रोसेसरला विचारून फिरत नाही.

प्लग लावलेला असला की पीसी बंद असतानाही एसएमपीएस बोर्डला ५ व्होल्टचा एक छोटा पुरवठा देतच असतो. पॉवर बटण वीज जोडत नाही, ते बोर्डवरच्या चिपला इशारा देतं. मग बोर्ड २४ पिनांच्या कनेक्टरमधली पीएस-ऑनची तार, जी बहुतेक एसएमपीएसमध्ये हिरवी असते, ग्राउंडला जोडतो आणि एसएमपीएस पूर्ण जागा होतो. १२, ५ आणि ३.३ व्होल्ट जागेवर आले की १०० ते ५०० मिलिसेकंदांनी तो 'पॉवर गुड'चा सिग्नल देतो. तो येईपर्यंत प्रोसेसरला रीसेटमध्ये धरून ठेवलेलं असतं.

प्रोसेसरला १२ व्होल्ट चालत नाहीत. त्याला साधारण १ व्होल्टच्या आसपास लागतात. सॉकेटच्या कडेला जे छोटे चौकोनी ठोकळे आणि त्यांवर हीटसिंक दिसतात ते व्हीआरएम. १२ व्होल्ट उतरवून प्रोसेसरला द्यायचं काम ते करतात. १०० वॉटचा प्रोसेसर १ व्होल्टवर म्हणजे जवळपास १०० अँपिअर. तेच १२ व्होल्टच्या बाजूला साडेआठ अँपिअरच्याही आत. म्हणून तर मोठा व्होल्टेज जवळपर्यंत आणून अगदी सॉकेटच्या शेजारी उतरवतात, आणि म्हणूनच प्रोसेसरसाठी वेगळा ८ पिनांचा कनेक्टर असतो.

रीसेट सुटला की एक्स८६ प्रोसेसर (इंटेल आणि एएमडीच्या पीसींतला नेहमीचा प्रकार) एका ठरलेल्या पत्त्यावरची सूचना उचलतो. हा पत्ता ४ जीबीच्या सीमेच्या बरोबर १६ बाइट अलीकडे आहे. तिथे रॅम नसते, बायॉसच्या फ्लॅश चिपमधला मजकूर तिथे दिसेल अशी जोडणी केलेली असते. १६ बाइटांत मावणार काय? एक उडी : 'पुढचं तिकडे वाच'.

इथवर रॅम वापरण्याजोगी झालेलीच नसते. इंटेलच्या प्रोसेसरवर बायॉस सुरुवातीला प्रोसेसरच्या आतल्या कॅशलाच (छोट्या, वेगवान मेमरीला) तात्पुरती रॅम म्हणून वापरतं. एएमडीच्या झेन पिढीपासून चिपमध्ये बसवलेला एक छोटा आर्म सुरक्षा प्रोसेसर आधी रॅम तयार करतो आणि मगच मुख्य कोर मोकळे सोडतो. रीत कुठलीही असो, रॅमच्या पट्टीवरची एसपीडी नावाची चिमुकली चिप आधी वाचली जाते. पट्टी किती जीबीची, कुठल्या वेगाची, हे तिच्यात लिहिलेलं असतं. मग बोर्ड प्रत्येक तारेवरचा सिग्नल नेमका कोणत्या क्षणी वाचायचा हे जुळवून बघतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. ते यशस्वी झालं की ग्राफिक्सची पाळी, आणि त्यानंतर चित्र.

म्हणजे स्क्रीनवर काही दिसण्याआधी इतक्या गोष्टी सुरळीत व्हाव्या लागतात. काळी स्क्रीन फक्त सांगते की वाटेत कुठेतरी अडलं. कुठे, ते शोधायचं आपलं काम.

कॅबिनेट न उघडता

मॉनिटरची केबल कुठे लावलीय ते बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डाला हवी. कार्ड बसवलेलं असताना बरेच बोर्ड स्वतःचा डिस्प्लेचा पोर्ट बंद ठेवतात. उलट बाजूही आहे : इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नावाच्या शेवटी 'एफ' असतो त्यांत ग्राफिक्स नसतंच, आणि रायझनच्या ५००० मालिकेपर्यंतच्या डेस्कटॉप प्रोसेसरांतही नावात 'जी' नसेल तर नाही. अशा प्रोसेसरबरोबर बोर्डवरचा एचडीएमआय पोर्ट केवळ शोभेचा. मॉनिटरच्या मेनूत इनपुट कुठला निवडलाय तेही बघून घ्या. हसू नका, यात जाणारे पीसी कमी नाहीत.

डिस्प्लेपोर्टची केबल असेल तर ती काढून पीसी सुरू करा, थोड्या वेळाने लावा. या पोर्टच्या विसाव्या पिनवर ३.३ व्होल्ट असतात आणि नियमाप्रमाणे केबलमध्ये ती पिन जोडायची नसते. काही निकृष्ट केबलींत ती जोडलेली असते, मग मॉनिटरची वीज उलटी ग्राफिक्स कार्डात शिरते आणि पीसी सुरू होताना अडखळतो. केबल काढल्यावर नीट सुरू होत असेल तर चोर सापडला.

डीडीआर५ रॅमचा नवा जोडलेला पीसी असेल, किंवा नुकतीच रॅम बदलली असेल, तर चालू करून थांबा. पहिलं ट्रेनिंग काही मिनिटं चालू शकतं आणि तेवढा वेळ स्क्रीन काळीच असते. घाबरून मधेच बंद केलं की पुन्हा पहिल्यापासून. असे धडधाकट पीसी 'बोर्ड मेला' म्हणून आणून दिलेले मी बघितले आहेत.

मग प्लग काढा, कीबोर्डसकट सगळी यूएसबी उपकरणं काढा, आणि प्लग काढलेल्या अवस्थेतच पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा. स्टँडबायच्या ५ व्होल्टवर बोर्डवरच्या काही चिपा सतत जाग्या असतात आणि एखाद्या विचित्र अवस्थेत अडकून बसतात. नुसतं 'शट डाउन' केल्याने त्या सुटत नाहीत. कपॅसिटरांतला उरलासुरला चार्ज गेला की सुटतात. वीज येऊन-जाऊन झाल्यावर आलेला बिघाड पुष्कळदा एवढ्यावरच मिटतो. यूएसबी काढायचं कारण वेगळं : पोर्टमधली वाकलेली पिन किंवा शॉर्ट झालेलं उपकरण पूर्ण बोर्डला अडवून धरू शकतं.

बोर्ड स्वतः काय सांगतोय

आता बाजूचं झाकण काढा. अलीकडच्या बऱ्याच बोर्डांच्या कडेला चार बारीक दिवे असतात : सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (ऑपरेटिंग सिस्टिमची डिस्क). ते याच क्रमाने लागून विझतात आणि जिथे अडलं तिथला दिवा पेटून राहतो. महागड्या बोर्डांवर दोन आकड्यांचा कोड दिसतो. त्यावर ०० किंवा एफएफच राहिलं तर प्रोसेसरने पहिलं पाऊलही टाकलं नाही असं बहुतेक वेळा समजायचं.

दिवे नसतील तर बीप. १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीपासून ही सोय आहे, कारण चित्र यायच्या आधी तक्रार करायला आवाजाशिवाय दुसरं काही नव्हतं. हल्लीच्या कॅबिनेटमध्ये स्पीकर नसतो. चार पिनांचा छोटा बझर बोर्डच्या फ्रंट पॅनलच्या पिनांजवळ लागतो. तो पहिल्यांदा विकत घ्या, बाकी सगळं नंतर. किती बीप म्हणजे काय हे प्रत्येक बायॉसचं वेगळं असतं, म्हणून कुठूनतरी मिळालेल्या तक्त्यावर जाऊ नका. आपल्या बोर्डची पुस्तिका बघा.

दिवा आणि बीप दिशा दाखवतात, गुन्हेगार नव्हे. डीरॅमचा दिवा म्हणजे रॅम खराब असा सरळ अर्थ काढून लोक नवी रॅम आणतात आणि तोच दिवा पुन्हा पेटतो. का, ते पुढे येतंच.

रॅम : इथेच सगळ्यात जास्त वेळ द्या

प्लग काढा. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावा, म्हणजे अंगावरचा स्थिर विद्युतभार उतरेल. सगळ्या पट्ट्या काढा.

पट्टी उजेडात धरून खालची सोनेरी कड बघा. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ संपर्क असतात (खाच वेगळ्या जागी, त्यामुळे एकात दुसरी बसत नाही). शेजारशेजारच्या दोन संपर्कांच्या मध्यांतलं अंतर १ मिलिमीटरपेक्षा कमी. प्रत्येक संपर्कावर स्लॉटमधली स्प्रिंग घासून उमटलेली एक बारीक उभी रेघ दिसते. या रेघा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारख्या उंचीच्या हव्यात. एका बाजूला त्या आखूड होत गेल्या असतील तर पट्टी तिरकी बसत होती, आणि तुमचा रोग तिथेच सापडला. ज्या स्लॉटला एकाच बाजूला खिटी असते तिथे हे फार होतं : खिटीच्या बाजूला 'टक्' वाजतं, आपण खूश, आणि दुसरं टोक अर्धा मिलिमीटर वर राहिलेलं असतं. त्या मुक्या टोकाला आधी दाबायचं, मग खिटीच्या.

कडेवर तपकिरी-काळसर झाक असेल तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा आणि पूर्ण सुकू द्या. खोडरबराबद्दल : मऊ, पांढरा, पेन्सिलचा रबर एखाद्या वेळी हलक्या हाताने चालतो. पण दर वेळी 'रबर मारून बघू' ही सवय वाईट. सोन्याचा थर अतिशय पातळ असतो आणि त्याखाली निकेल. थर झिजला की गंज पहिल्यापेक्षा लवकर चढतो आणि बिघाड वारंवार येऊ लागतो. शाईचा खरखरीत रबर तर लांबच ठेवा. स्लॉटमध्ये तोंडाने फुंकू नका, थुंकीचे तुषार जातात. ब्लोअर किंवा कॅनमधली हवा वापरा.

आता एकच पट्टी लावा. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या स्लॉटमध्ये, म्हणजे ए२ मध्ये. बहुतेक बोर्डांत एका चॅनेलच्या ('ए' किंवा 'बी', प्रोसेसर आणि रॅममधली एक वाट) तारा आधी पहिल्या स्लॉटला आणि तिथून पुढे दुसऱ्याला जातात. पट्टी अलीकडच्या स्लॉटमध्ये लावली तर तारेचं शेवटचं टोक मोकळं लोंबतं, तिथून सिग्नल उलटा परततो आणि मूळ सिग्नल बिघडवतो. वेग जितका जास्त, तितका हा त्रास जास्त. सुरू झाला नाही तर दुसरी पट्टी त्याच स्लॉटमध्ये. मग तीच पट्टी दुसऱ्या चॅनेलच्या स्लॉटमध्ये. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय केलं ते कागदावर लिहा. पट्टी आणि स्लॉट दोन्ही एकदम बदलले की उत्तर हातातून निसटतं.

एक पट्टी कुठल्याच स्लॉटमध्ये चालत नाही, तर पट्टी गेली. दोन्ही पट्ट्या एकेकट्या चालतात, एकत्र चालत नाहीत, तर त्या जुळत नाहीत किंवा जाहीर वेग त्यांना एकत्र झेपत नाही. पुढच्या सीमॉसच्या (बायॉसच्या सेटिंग्ज जिथे साठतात ती जागा) तपासणीकडे जा.

आणि दोन्ही पट्ट्या 'ए'च्या स्लॉटमध्ये चालतात पण 'बी'च्या स्लॉटमध्ये काहीही लावलं तरी स्क्रीन काळी? इथे लोक बोर्ड भंगारात काढतात. थांबा. रॅमचा कारभार बघणारा कंट्रोलर पूर्वी बोर्डवरच्या नॉर्थब्रिज नावाच्या वेगळ्या चिपमध्ये असायचा. एएमडीने २००३ मध्ये आणि इंटेलने २००८ मध्ये तो प्रोसेसरच्या आत घेतला. तेव्हापासून रॅमच्या स्लॉटची डेटा ने-आण करणारी प्रत्येक तार थेट प्रोसेसरच्या सॉकेटमध्ये येऊन संपते. सॉकेटमधली एखादी पिन नीट टेकत नसेल तर ती ज्या चॅनेलची, तो चॅनेल मरतो, आणि दिवा पेटतो डीरॅमचा.

एक पीसी असाच होता. दर काही आठवड्यांनी नो डिस्प्ले. रॅम काढून-घालून केली की चालू. रॅम काढताना बोर्ड किंचित दबत होता, बाकी काही नाही. कूलरचे चार स्क्रू बघितले तर दोन एका बाजूला करकचून आवळलेले आणि समोरचे दोन सैल. चारही सैल केले, मग समोरासमोरच्या कोपऱ्यांतले आलटून-पालटून थोडे थोडे आवळले. 'बी' चॅनेल परत आला. रॅम साफ केल्यावर चालू होणारा पीसी पुन्हा पुन्हा बंद पडत असेल तर कूलरचा दाब आणि ग्राफिक्स कार्डाच्या वजनाने वाकलेला बोर्ड या दोन गोष्टी तपासल्याशिवाय रॅमला दोष देऊ नका. जड कार्डाला खालून आधार द्या.

सीमॉस रीसेट आणि तो गोल सेल

रॅमला एक्सएमपी किंवा तत्सम प्रोफाइल लावलेलं असेल तर ती प्रमाण वेगापेक्षा जास्त वेगाने चालवली जात असते. थंडीत एक, गरमीत दुसरं, अशी कुरकुर त्यातून येते. सीमॉस रीसेट केल्यावर बोर्ड मूळ, सावध वेगावर येतो आणि ट्रेनिंग नव्याने करतो. प्लग काढून बोर्डवरच्या सीमॉस रीसेटच्या दोन पिना काही सेकंद जोडा. तशा पिना नसतील तर सीआर२०३२ सेल काढून पाच-दहा मिनिटं थांबा.

त्याआधी एक खबरदारी. विंडोजमध्ये बिटलॉकर चालू असेल तर रीसेटनंतर ते ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती आधीच हाताशी ठेवा. काळ्या स्क्रीनवरून सुटका झाली आणि डेटाच कुलूपबंद, असं नको.

सेल हातात आलाच आहे तर मोजून घ्या. नवा सेल ३ व्होल्टच्या थोडा वर असतो. अडीचच्या आसपास घसरला असेल तर बदला. पीसी रात्री प्लगमधून काढून ठेवला की सकाळी नो डिस्प्ले, पण दिवसभर बंद-चालू केला तरी ठीक, हा नमुना दिसला तर सेल बदलून बघणं सगळ्यात स्वस्त. काही बोर्ड सेल पार संपल्यावर सुरू व्हायलाच नकार देतात.

वीज पोचतेय का

सॉकेटजवळचा ८ पिनांचा कनेक्टर काढून पुन्हा घट्ट बसवा. तो निघालेला असला की हुबेहूब हेच चित्र दिसतं : पंखे जोरात, बाकी शून्य. पंख्यांना वीज २४ पिनांतून मिळते, प्रोसेसरला मिळत नाही. ग्राफिक्स कार्डाचा प्रकारही तोच. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात, ८ पिनांचा प्रत्येक कनेक्टर आणखी १५० वॉट देतो. कार्डावरचे सगळे कनेक्टर लागले पाहिजेत. नव्या १६ पिनांच्या कनेक्टरची खिटी बसल्याचं डोळ्यांनी बघून घ्या. अर्धवट बसलेला वितळू शकतो.

प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर कार्ड पूर्ण काढा आणि बोर्डच्या पोर्टवर मॉनिटर लावा. चित्र आलं तर कार्ड किंवा त्याचा पुरवठा एवढंच उरतं. कार्ड दुसऱ्या पीसीत लावून बघितल्याशिवाय ते गेलं असं म्हणू नका. जुनं कार्ड नव्या बोर्डवर लावलं असेल तर कार्डात यूईएफआयचा (बायॉसच्या नव्या पद्धतीचा) आधारच नसण्याची शक्यता असते. तेव्हा दोन्ही धडधाकट असूनही स्क्रीन काळी.

एसएमपीएसची हिरवी तार काळीला जोडून पंखा फिरवून बघणं, हे सगळेच करतात. त्यातून कळतं ते इतकंच की एसएमपीएस पूर्ण मेलेला नाही. भार आल्यावर व्होल्टेज टिकतो का, हे त्यातून कळत नाही. मल्टिमीटर असेल तर सगळं जोडलेलं आणि पीसी चालू असताना मोजा : १२ व्होल्टच्या जागी ११.४ ते १२.६, ५ च्या जागी ४.७५ ते ५.२५, ३.३ च्या जागी साधारण ३.१४ ते ३.४७. मोजणीत हात थरथरत असेल तर हा नाद सोडा. दोन पिना एकमेकींना टेकल्या तर नवा बिघाड तयार. ओळखीच्याचा चालता एसएमपीएस उसना लावून बघणं जास्त सोपं. मात्र मॉड्युलर (केबली सुट्या होणाऱ्या) एसएमपीएसच्या केबली एकाच्या दुसऱ्याला कधीही लावू नका. टोकं सारखी दिसतात, पिनांची मांडणी वेगळी असते, आणि बोर्ड-डिस्क सगळं एकदम जळू शकतं.

बोर्ड बाहेर काढून

इथवर काही लागलं नाही तर बोर्ड कॅबिनेटमधून काढा आणि कोरड्या पुठ्ठ्यावर ठेवा. बोर्ड ज्या चंदेरी पिशवीत येतो तिच्यावर नको, कारण तिची बाहेरची बाजू वीज वाहू देते. प्रोसेसर, कूलर, एक रॅम, एसएमपीएस आणि बझर एवढंच जोडा. पॉवरच्या दोन पिना स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडल्या की चालू होतो.

बाहेर चालला आणि आत चालत नाही, तर कॅबिनेटमध्ये शॉर्ट आहे : एखादा जास्तीचा पितळी स्टँडऑफ (ज्यावर बोर्ड टेकवून स्क्रू लावतात तो खुंट), खाली पडलेला स्क्रू, अडकलेलं रीसेट बटण.

बाहेरही चालला नाही तर एसएमपीएस बंद करून रॅमही काढा आणि पुन्हा चालू करा. आता त्याने तक्रार करायलाच हवी. बीप वाजली किंवा डीरॅमचा दिवा पेटला, तर वीज पोचतेय, फ्लॅश चिप वाचली जातेय आणि प्रोसेसरच्या आत कोणीतरी सूचना पाळतंय, हे रॅमशिवाय सिद्ध झालं. इतकं सांगणारी दुसरी फुकट तपासणी मला माहीत नाही. काहीच वाजलं नाही, काहीच पेटलं नाही, तर उरतात प्रोसेसर, बोर्ड आणि बायॉस.

बायॉससाठी एकच गोष्ट घरी करा. बोर्डवर यूएसबी फ्लॅशबॅकचं बटण असेल तर पुस्तिकेप्रमाणे पेन ड्राइव्हवरून बायॉस पुन्हा लिहा. हे प्रोसेसर नसतानाही चालतं. नवा प्रोसेसर जुन्या बायॉसच्या बोर्डवर लावला असेल तर कित्येकदा हाच उपाय असतो. लिहिणं चालू असताना वीज जाता कामा नये.

इथे थांबा

सॉकेट उघडून बघायला हरकत नाही, पण कूलर काढण्याआधी शक्य असेल तर पीसी थोडा गरम करून घ्या आणि कूलर सरळ न ओढता हलकेच फिरवत काढा. एएमडीच्या एएम४ सॉकेटमध्ये वाळलेल्या पेस्टबरोबर प्रोसेसर खिटी लावलेली असतानाच उपटून येतो. त्याच्या १३३१ पिना वाकायला एवढं पुरतं. ज्या सॉकेटमध्ये पिना बोर्डवर असतात, तिथे टॉर्च तिरका धरून बघा. सगळ्या पिना एका दिशेने सारख्या चमकतात. एखादी वेगळी चमकली तर तीच. ती सरळ करायला सुई घेऊ नका. मोडली की बोर्ड गेला, आणि मोडते. हे भिंगाखाली काम करणाऱ्याचं काम.

एसएमपीएसचा डबा उघडू नका, प्लग काढलेला असला तरी. २३० व्होल्टची वीज आत एकदिशी होते तेव्हा कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर भार बसतो आणि तो प्लग काढल्यावरही काही काळ टिकू शकतो. त्यातून जळका वास आला, ठिणगी दिसली, किंवा चालू केल्यावर घरातला ट्रिप स्विच पडला, तर पुढची एकही तपासणी करू नका. एसएमपीएस दुरुस्तही करू नका, बदला.

जुन्या बोर्डवर फुगलेले, वरून तडकलेले कपॅसिटर दिसले, व्हीआरएमपाशी करपलेला डाग दिसला, किंवा चालू केल्या क्षणी सगळं बंद पडतंय आणि सगळे भाग काढूनही तसंच, तर ते चिप पातळीवरचं काम आहे. फ्लॅश चिप काढून प्रोग्रामरवर लिहिणंही त्यातच. काही चिपा ३.३ व्होल्टच्या, काही १.८ च्या, चुकीचा व्होल्टेज दिला की संपलं. ग्राफिक्स कार्ड हीट गनने किंवा ओव्हनमध्ये भाजून 'जिवंत' करण्याचे उपाय तर विसरा. चाललंच तर थोडे दिवस चालतं, आणि नीट दुरुस्तीची शक्यता कायमची जाते. वॉरंटी चालू असेल तर स्टिकर फाडायच्या आधीच थांबायचं, हे वेगळं सांगायला नको.

तंत्रज्ञाकडे नेताना तो कागद बरोबर द्या : कुठला दिवा पेटून राहतो, किती बीप, कॅप्स लॉक बदलतं का, कुठली पट्टी कुठल्या स्लॉटमध्ये चालली, रॅमशिवाय बोर्ड बोलला का. 'सगळं करून बघितलं' एवढंच सांगितलं तर तो पहिल्यापासून सुरू करणार आणि त्या वेळेचे पैसे तुम्हीच देणार. हार्ड डिस्क आणि एसएसडी मात्र काढून घरीच ठेवा. नो डिस्प्ले शोधायला त्या लागत नाहीत.